उंट, सुई आणि आपला पगार

आजचा शास्त्रभाग: मार्क १०:१७-३१
सोबत वाचा: लूक १९:१-१०



आजचा भाग आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. एक श्रीमंत माणूस येतो, प्रभु येशू त्याला सगळं विकून गोरगरिबांना द्यायला सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. हे ऐकताना आपल्यातले बरेच जण मनात म्हणतात, "हे माझ्यासाठी नाही. मी कुठे श्रीमंत? फ्लॅटचं लोन अजून सतरा वर्षं फेडायचंय!" म्हणूनच आज हा भाग जरा सावकाश वाचू या.

१. तो वाईट माणूस नव्हता

मत्तय त्याला तरुण म्हणतो, लूक त्याला अधिकारी म्हणतो. मार्क सांगतो की तो धावत आला आणि भर रस्त्यात प्रभूपुढे त्याने गुडघे टेकले. प्रश्नही त्याने योग्यच विचारला: सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी मी काय करू? आज्ञा तर तो लहानपणापासून पाळत आला होता आणि प्रभूने त्याला खोटं पाडलं नाही. उलट फक्त मार्कच एक गोष्ट नोंदवतो: येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. पुढचं कठीण वाक्य या प्रीतीतून आलंय, हे विसरू नका.

आता येशूने कोणत्या आज्ञा सांगितल्या ते पाहा. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, फसवणूक, आईवडिलांचा मान. या सगळ्या शेजाऱ्याशी कसं वागायचं याच्या आज्ञा आहेत. दहा आज्ञांपैकी पहिली, म्हणजे देवाच्या जागी दुसरं काही नको ही, त्याने उच्चारलीच नाही. ती त्याने शब्दांत न विचारता, सगळं विकायला सांगून विचारली.

आमच्या कामात एखादी जुनी लायब्ररी कोडमध्ये वर्षानुवर्षं पडून असते. ती कशाकशाला जोडलेली आहे, हे कुणालाच नीट माहीत नसतं. एक दिवस कुणीतरी ती काढून पाहतं आणि अर्धी सिस्टिम बंद पडते! तेव्हा कळतं की सगळा डोलारा कशावर उभा होता. प्रभूने या माणसाच्या आयुष्यातली नेमकी तीच एक गोष्ट काढायला सांगितली.

२. चेहऱ्यावर आलेले ढग

बावीसाव्या वचनात तो उदास झाला असं आहे. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच मत्तय १६:३ मध्ये भरून आलेल्या आभाळासाठी वापरलाय. त्याचा चेहरा झाकोळून गेला. तो रागावला नाही, त्याने वादही घातला नाही. त्याला येशू हवा होता, फक्त त्या किमतीला नको होता.

मार्काच्या शुभवर्तमानात शिमोन आणि अंद्रिया जाळी टाकून गेले, याकोब आणि योहान बापाला होडीत सोडून गेले, लेवी जकातीच्या नाक्यावरून उठून गेला. "माझ्यामागे ये" असं बोलावणं ऐकून दुःखी होऊन परत फिरलेला हा एकटाच. धर्माची सगळ्यात जास्त तयारी त्याचीच होती.

धन अडथळा कसं बनतं ते इथे दिसतं. धन आपल्याला देवाविरुद्ध उभं करत नाही. ते आपल्याला चर्चला जाऊ देतं, उपवास करू देतं, क्वायरमध्ये गाऊ देतं. ते फक्त एवढंच म्हणतं, "बाकी सगळं दे त्याला, पण शेवटचा आधार मी असेन."

३. सुईचं नेढं म्हणजे दरवाजा नव्हे

तुम्ही हे ऐकलं असेल की यरुशलेमेच्या तटाला "सुईचं नाक" नावाचा एक छोटा दरवाजा होता. उंटावरचं ओझं उतरवलं आणि तो गुडघ्यावर बसला की आत सरकायचा. उपदेशाला गोष्ट छान आहे, पण येशूच्या काळात असा दरवाजा होता याचा कुठलाही पुरावा नाही. हे स्पष्टीकरण कित्येक शतकांनंतर, मध्ययुगात पुढे आलं.

आपल्याला ते का आवडतं? कारण त्यात अशक्य गोष्ट नुसती अवघड होते. थोडं वाकलं, थोडं ओझं कमी केलं की झालं! पण प्रभु खरीखुरी सुई आणि खराखुरा उंट म्हणत होता. शिष्य म्हणून तर थक्क झाले. अनुवाद २८ मध्ये आज्ञापालनाला भरभराटीचं वचन आहे, म्हणून त्यांच्या मनात श्रीमंती ही आशीर्वादाची खूण होती. आपल्या साक्षींमध्येही हेच येतं ना? नवी गाडी, ऑनसाइटची संधी, मोठा फ्लॅट. अशा माणसाचंच तारण होणार नसेल, तर मग कुणाचं होईल, असं त्यांना वाटलं. प्रभूचं उत्तर असं की माणसाला हे अशक्यच आहे, पण देवाला नाही.

आणि तिसाव्या वचनातली शंभरपट ही एसआयपीचा रिटर्न नाही. त्यात घरं, भावंडं, आया आहेत, म्हणजे देवाच्या कुटुंबातली माणसं, आणि त्याच यादीत छळही आहे. तो शब्द गाळून हे वचन शिकवणाऱ्यांपासून सावध राहा.

४. मग सगळं विकायचं का?

मंडळीला हा प्रश्न सुरुवातीपासून पडलाय. इजिप्तमधल्या दोघांचं उदाहरण घेऊ. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया या श्रीमंत व्यापारी शहरात क्लेमेंट नावाच्या शिक्षकाने याच भागावर प्रवचन लिहिलं. त्याचं म्हणणं असं की संपत्ती हे हत्यार आहे, टाकायची आहे ती मनातली तिची आसक्ती. कुणाकडेच काही नसेल तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? त्यानंतर साधारण सत्तर वर्षांनी अँथनी नावाच्या विशीतल्या तरुणाने चर्चमध्ये हाच भाग ऐकला. आईवडील नुकतेच वारले होते, सुमारे २०० एकर जमीन वारशात आली होती. त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली आणि उरलेलं बरंचसं विकून गरिबांना वाटलं.

कोण बरोबर? प्रभूने प्रत्येकाला सगळं विकायला सांगितलं नाही. लूक ८ मधली योहान्ना आणि इतर स्त्रिया स्वतःच्या पैशातून प्रभूची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता, त्याचीच कबर प्रभूला मिळाली. म्हणजे क्लेमेंटचा मुद्दा खोटा नाही.

पण आपण क्लेमेंटच्या मागे फार लवकर लपतो. "मी मनाने अलिप्त आहे" हे वाक्य तपासायचं कसं? त्या माणसालाही आपण अलिप्त आहोत असंच वाटत असणार, मागणी येईपर्यंत! आपल्या मुठीची पकड मूठ उघडताना कळते. आणि प्रभूने त्याला नुसतं सोडायला नाही, गरिबांना द्यायला सांगितलं होतं. मनातली अलिप्तता कुणाची चूल पेटवत नाही.

लूकमध्ये ही गोष्ट अठराव्या अध्यायात आहे. पुढच्याच अध्यायात यरीहोचा जक्कय येतो, मुख्य जकातदार आणि श्रीमंत. येशू त्याच्याकडे काहीच मागत नाही, फक्त त्याच्या घरी उतरायला येतो. आणि जक्कय आपणहून अर्धं धन गरिबांना, फसवलेल्यांना चौपट असं जाहीर करतो. नेढ्यातून उंट पार झाला! आधी प्रभु घरात आला, मग तिजोरी उघडली. हा क्रम लक्षात ठेवा, नाहीतर दान हीसुद्धा आपली कमाई होऊन बसते.

आपल्या मराठी मंडळीतही हे घडलंय. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. टिळकांच्या सढळ हाताची घराला काय किंमत मोजावी लागायची, ते लक्ष्मीबाईंच्या "स्मृतिचित्रे"मध्ये वाचा. म्हणून असे निर्णय घरात एकत्र बसून, प्रार्थनेत घ्या.

५. आज आपण काय करू शकतो?

• पुढचं अप्रेझल आलं की आधी देण्याचा आकडा वाढवा, मग खर्चाचा. आपण नेमकं उलटं करतो.

• या महिन्यात एकदा तरी असं द्या की स्वतःचा एखादा बेत बदलावा लागेल. उरलंसुरलं देताना पकड कळत नाही.

• कुणाला तरी नावाने ओळखून द्या. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीची फी, वॉचमनकाकांचं औषध. आणि त्याचा फोटो स्टेटसला नको (मत्तय ६:३-४).

• आईवडिलांची जबाबदारी टाळून देवाला देऊ नका. मार्क ७:६-१३ मध्ये प्रभूने त्यालाही ढोंग म्हटलंय.

मनन करा: प्रभूने आज माझ्याकडे प्रीतीने पाहिलं आणि एकच गोष्ट मागितली, तर ती कोणती असेल? ती डोक्यात येताच "आधी लोन फिटू दे" असं मन म्हणालं का?

प्रार्थना: प्रभु येशू, तू माझ्यावर प्रीती करतोस म्हणून मला खरं सांगतोस. माझी मूठ मला उघडता येत नाही, तू ती उघड. माझ्या घरी ये, आणि माझ्या पगारावर, माझ्या बचतीवर, माझ्या भीतीवर तूच प्रभु हो. झाकोळलेला चेहरा घेऊन मला परत जाऊ देऊ नकोस. आमेन.