रॅकिंगनंतरची तूट

घरी वाइन करणारा द्राक्षांची जात, साखर आणि यीस्ट यांची जितकी काळजी घेतो, तितकी बुधल्यात राहिलेल्या रिकाम्या जागेची घेत नाही. तळाचा साका, म्हणजे मृत यीस्ट व गराचा थर, मागे ठेवून वरची वाइन नळीने दुसऱ्या बुधल्यात उतरवणे याला रॅकिंग म्हणतात. साक्याबरोबर थोडी वाइनही मागे राहत असल्याने नव्या बुधल्यातील पातळी खाली येते. किण्वन जोरात असताना निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू ही पोकळी व्यापून हवा दूर ठेवतो. किण्वन थंडावल्यावर मात्र हे संरक्षण उरत नाही.

अमेरिकेत प्रस्तुत लेखकाने 19 लिटरचा बुधला रॅकिंगनंतर दोन लिटर उणा ठेवला आणि एअरलॉकवर, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेवर, भिस्त ठेवली. ही झडप बाहेरची हवा अडवते, आत आधीच कोंडलेली नाही. शिवाय बुधल्याचा गळा 3 आणि पोट 25 सेंटीमीटर व्यासाचे धरले, तर पातळी पोटात उतरताच हवेला भिडणारा पृष्ठभाग जवळजवळ 70 पट होतो. सहा आठवड्यांत वाइनवर दुधाच्या सायीसारखा सुरकुतलेला तवंग धरला आणि नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येऊ लागला. हवेत वाढणारे ॲसिटोबॅक्टर जिवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात, आणि ते घरच्या साधनांनी काढता येत नाही.

म्हणून तूट त्याच दिवशी, शक्यतो त्याच प्रकारच्या निकोप वाइनने, गळ्यापर्यंत भरावी. पाणी हा उपाय नव्हे. 12 टक्के मद्यार्काच्या 17 लिटर वाइनमध्ये 2 लिटर पाणी घातल्यास मद्यार्क 10.7 टक्क्यांवर येतो आणि आम्लता व चवही तशीच पातळ होते. जोडीची वाइन नसल्यास लहान बुधले वापरावेत, किंवा निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या सोडून पातळी चढवावी. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची योग्य मात्रा संरक्षण देते, पण भरणीची जागा घेत नाही.

तूट भरण्याची वाइन रॅकिंगच्या दिवशी शोधायची नसते, ती द्राक्षे चिरडतानाच राखून ठेवायची असते: 19 लिटरच्या बुधल्यासाठी 22 लिटर रस आंबवावा आणि जास्तीची वाइन लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून, झडप लावून ठेवावी.