ट्रम्पेटची कड : सोनं, चांदी की प्लास्टिक?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. वाजवून झालं की ओठांभोवती लाल गोल उमटतो आणि दुसऱ्या दिवशीही तिथे खाज येत राहते. माउथपीसच्या कडेवरचा मुलामा एका जागी उडून खालचं पितळ दिसू लागलंय. बँडमास्तर म्हणतात, चांदीच्या मुलाम्याचा घ्या. तिचा मामा म्हणतो, घ्यायचाच तर सोन्याच्या मुलाम्याचा घ्या, सूर गोड लागतो. दुकानदार प्लास्टिकचा पुढे करतो. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मामांचा समज पुष्कळ वादकांचाही आहे, म्हणून आधी तोच पाहू. ट्रम्पेटमध्ये ओठ थरथरतात, आणि त्या थरथरीला नळीतल्या हवेची साथ मिळून सूर तयार होतो. सूर धारदार लागणार की भरदार, हे माउथपीसच्या वाटीची खोली, तिच्या तळाचं भोक आणि त्यापुढच्या नळीचा आकार यांवर ठरतं. मुलाम्याचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, केसाहूनही कितीतरी पातळ असतो. समोर बसून ऐकणाऱ्याला तो सोन्याचा की चांदीचा, हे आवाजावरून ओळखता येण्याजोगं नाही.

म्हणून सोन्याची बाजू घेणारे वादक खोटं सांगतात असंही नाही. सोनं ओठांखाली जास्त गुळगुळीत लागतं. काहींचे ओठ त्यामुळे मोकळे होतात, हालचाल सहज होते आणि वाजवणंच सुधारतं. काहींना मात्र घाम आला की तीच कड निसरडी वाटते आणि चांदीच बरी वाटते. म्हणजे एकाला मानवलेली कड दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

आता मुलीच्या खाजेकडे येऊ, कारण खरा प्रश्न तो आहे. माउथपीसचा गाभा बहुधा पितळेचा, म्हणजे तांबं आणि जस्त यांच्या मिश्रणाचा असतो. लेथवर सुबक कापलं जावं म्हणून अशा पितळेत पुष्कळदा थोडं शिसंही मिसळलेलं असतं. घाम आणि लाळ लागली की पितळेवर हिरवट थर धरतो. ताक कळकू नये म्हणून पितळेच्या भांड्याला आपण कल्हई लावतो, तशीच इथे मुलाम्याची गरज असते. तेव्हा मुलामा उडालेला माउथपीस आजच बाजूला ठेवा.

पण तेवढ्यानं खाजेचा उलगडा होईलच असं नाही. स्वस्त माउथपीसवर पुष्कळदा निकेलचा मुलामा असतो. निकेल कडक असतं, चकाकतं आणि परवडतं; मात्र त्वचेला ॲलर्जी करणाऱ्या धातूंत त्याचा नंबर पहिला लागतो. मुलीला एक विचारून बघा : खोट्या कानातल्यांनी कानाच्या पाळ्या चिघळतात का? जीन्सचं बटण पोटाला लागतं तिथे खाज सुटते का? उत्तर ‘हो’ आलं तर निकेलवरचा संशय बळावतो. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून दोनेक दिवसांनी तपासणी करतात, त्यातून याचा नीट निकाल लागतो.

एक खूण घरीही पाहता येईल. वाजवल्यावर उमटलेला वळ थोड्या वेळात विरला आणि खाज नसली, तर तो नुसत्या दाबाचा असतो. नवशिके उंच सूर गाठताना माउथपीस ओठांवर दाबून धरतात. त्यावर उपाय बँडमास्तरांकडे आहे. कुठलीही धातू तिथे कामाची नाही. तुमच्या मुलीची खाज दुसऱ्या दिवशीही टिकते, म्हणून मला ॲलर्जीची शंका जास्त येते.

निकेल ठरलंच, तर चांदी ही साधी आणि बहुतेकांना चालणारी निवड आहे. ती काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. काळी पडली म्हणजे खोटी निघाली असं नाही. मऊ कापडानं पुसावी. चिंच आणि राख किंवा भांडी घासायची पावडर लावलीत, तर मुलामाच घासून निघेल. सोनं काळवंडत नाही, त्वचेला सहसा त्रासही देत नाही, पण महाग असतं आणि रोजच्या वापरात झिजतं. स्टेनलेस स्टीलला मुलाम्याची गरजच नसते; मात्र नेहमीच्या स्टीलमध्ये ८ ते १० टक्के निकेल असतं. ते सहसा सुटून बाहेर येत नाही, तरी फार संवेदनशील त्वचेला जपलेलं बरं. टायटॅनियम ॲलर्जीच्या दृष्टीनं उत्तम, पण शाळकरी मुलीसाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो.

सोन्याची कड ओठांना ऊबदार लागते, असंही दुकानात सांगतात. ते खरं नाही. गारवा ठरतो तो मुलाम्याखालच्या पितळेवरून, आणि ते दोन्हींत सारखंच असतं. खरा फरक पडतो प्लास्टिकमध्ये. पितळेच्या मानानं त्यातून उष्णता शेकडो पटींनी हळू वाहते, म्हणून दिल्लीच्या जानेवारीतल्या संचलनात ते ओठांना बोचत नाही आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या वरातीत चटकाही देत नाही. त्यात निकेल नाही, किंमतही कमी. ओरखडे लवकर पडतात आणि काहींना त्याची पकड वेगळी वाटते, एवढाच दोष. काही माउथपीसची कड आट्यांनी काढता येते. तिथे वाटी धातूची ठेवून कड तेवढी प्लास्टिकची बसवता येते.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट निसटते, ती म्हणजे कडेचा आकार. माउथपीस बनवणाऱ्या बाख कंपनीच्या मापांत ७सी या माउथपीसचा आतला व्यास १६.२० मिलिमीटर आहे आणि ३सीचा १६.३०. एवढासा फरकही सवयीच्या ओठांना लगेच कळतो. कडेची रुंदी, तिची गोलाई, आतल्या धारेचा तीक्ष्णपणा यांचा ओठांवर परिणाम धातूपेक्षा कितीतरी जास्त होतो.

तेव्हा माझा सल्ला असा : डॉक्टरांना दाखवून होईपर्यंत दुकानदाराचा प्लास्टिकचा माउथपीस घेऊन काम चालवा. निकेलची ॲलर्जी निघाली, तर बँडमास्तरांचं ऐकून चांदीच्या मुलाम्याचा घ्या. चांदीखाली निकेलचा थर दिलेला नाही, एवढं मात्र दुकानदाराकडून पक्कं करून घ्या. दोन्ही वेळा सध्याच्या माउथपीसवर कोरलेला क्रमांक सोबत न्या आणि त्याच मापाचा मागा.