रहस्यकथेतील अपेक्षाभंग : व्याकरणाच्या अंगाने

झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे बाबूराव अर्नाळकरांचे नायक आपल्या परिचयाचे आहेत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने मराठी वाचकाला गुन्हेगार ओळखत ओळखत वाचण्याची गोडी लावली. ही ओळखण्याची संधीच लेखकाने हिरावून घेतली तर?

दादरच्या एका वाचनालयातून आणलेली, बरीच गाजलेली एक थरारक कादंबरी मी रात्र जागून संपवली. मारेकरी स्त्री निघाली. धक्क्यापेक्षा रागच अधिक आला. कारण गिरगावातील चाळीत खून झाल्यावर ‘तो जिना उतरला’, असे खुद्द निवेदकानेच सांगितले होते. (मी पाने उलटून खात्री करून घेतली.)

मराठीत ही अडचण खरीच आहे. ‘उतरला’, ‘उतरली’ यांतून क्रियापदच कर्त्याचे लिंग सांगून टाकते. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र वाट सापडते : ‘दार उघडले, दिवा मालवला.’ येथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. कर्ता गाळता येतो. शिवाय ‘आकृती’, ‘सावली’, ‘व्यक्ती’ ही नामे व्याकरणाने स्त्रीलिंगी असली, तरी पुरुषालाही चालतात. ‘एक आकृती जिना उतरली’ हे वाक्य वाचकाला चकवते, फसवत नाही. चकवा तर आपल्याला हवाच असतो. ही साधने हाताशी असताना खोटा ‘तो’ लिहिणे, याला मी आळस म्हणतो.

उपक्रम : आपल्या आवडत्या रहस्यकथेतील गुन्ह्याचा प्रसंग निवडा. गुन्हेगाराचा निर्देश करणारी नामे, सर्वनामे व क्रियापदे अधोरेखित करा आणि शेवट ठाऊक असताना तो प्रसंग पुन्हा वाचा.