राख, रिठा आणि चिंच

स्वच्छता हा काही कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहावा असा विषय नव्हे, असे काहींना वाटेल. तो रसायनशास्त्राचा, किंवा फार तर गृहविज्ञानाचा विषय. परंतु ज्या ज्या घरात रोज धुणीभांडी होतात त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे. आमच्या घरात तर तो दवाखान्यापर्यंत गेला. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझी आई लग्नसराईत आचाऱ्याबरोबर भांडी घासण्याच्या कामाला जाते. शेकडो माणसांच्या पंगती, त्यांची तेलाने माखलेली पातेली, आणि ती लवकर निघावीत म्हणून मुठीमुठीने घेतलेली पावडर. गेल्या वैशाखात तिच्या बोटांना भेगा पडल्या. भाकरी थापताना पिठाला रक्त लागू लागले. डॉक्टरांनी सांगितले, पावडरीपासून हात जपा, हातमोजे वापरा. पण हातमोज्यातून तेलकट पातेले निसटते, आणि घरी बसले तर रोज बुडतो. एका रात्री आई म्हणाली, "तू कालिजात जातीस ना? मग सांग बरं, पावडरीच्या जागी काय वापरायचं?" आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. हा प्रश्न आमच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता. पण त्याचे उत्तर देणे मला परीक्षेइतकेच आवश्यक वाटले.

आजीने मात्र पुस्तक न उघडताच उत्तर दिले : "राख घे. राखंला काय पैसं पडत्यात?"

पावडर घरात कशी आली?

राखेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पाहिली पाहिजे. राख फुकट असताना बायकांनी पावडर का स्वीकारली? विलायतेतील लीव्हर ब्रदर्स कंपनीचा सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. कपडे धुण्याची सर्फ पावडर १९५९ मध्ये बाजारात आली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी निरमा पावडर काढली आणि ती सायकलवरून दारोदार विकली. ही स्वस्त पावडर पुढे खेड्यापाड्यांतही पोचली.

तिच्या यशामागे केवळ जाहिरात नव्हती. आपल्याकडील बहुतेक विहिरींचे पाणी जड असते, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार असतात. साबण या क्षारांशी मिळून चिकट साका धरतो आणि त्याचा फेस होत नाही. पावडरीला जड पाण्याची अडचण त्या मानाने फार कमी. जिला पहाटे उठून पाणी भरायचे, स्वयंपाक करायचा आणि मग खुरपणीला जायचे, तिचा अर्धा तास या पावडरीने वाचवला. हे विसरून जुन्याचे नुसते गोडवे गाणे मला योग्य वाटत नाही.

मळ ओळखावा, मग औषध द्यावे

वाचनातून आणि आजीशी बोलण्यातून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. मळ एक प्रकारचा नसतो, म्हणून त्यावरचा उपायही एक असू शकत नाही. वैद्य जसा नाडी पाहून मात्रा देतो, तसे आपल्या आज्या भांडे पाहून द्रव्य निवडीत.

पहिला मळ तेलकट. त्यावर राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो पाण्यात उतरला की तेलावर काम करतो आणि तेलाचा काही अंश साबणासारखा होऊन वाहून जातो. शिवाय राखेचे बारीक कण घासणीचे काम करतात. गंमत अशी की 'पोटॅश' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच 'भांड्यातली राख' असा आहे. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशपासूनच एक नवा धातू वेगळा केला आणि त्याला पोटॅशियम हे नाव दिले. आमची आजी ज्या राखेने तवा घासते, तिच्या नावाचा धातू असा विज्ञानाच्या पुस्तकात जाऊन बसला आहे!

दुसरे तेलकट मळावरचे द्रव्य म्हणजे रिठा आणि शिकेकाई. या दोन्हींत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. त्यामुळे तेल सुटून पाण्याबरोबर जाते. पावडरीतील फेस आणणारे द्रव्यही याच रीतीने काम करते. रिठ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव सॅपिंडस. त्याचा अर्थ 'भारतीय साबण'. रेशमी व लोकरी कपड्यांना तीव्र क्षार सोसत नाही, म्हणून ते रिठ्याच्या पाण्यात धुण्याची रीत आहे. सोनारही दागिने उजळण्यास रिठा वापरतात. कृती सोपी आहे. दहाबारा रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफले तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी उकळून कुस्करून गाळावीत. हे पाणी दोन-तीन दिवसांत संपवावे, नाहीतर आंबते. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, फार झोंबते.

दुसऱ्या प्रकारचा मळ धातूवर चढतो. तांब्यापितळेची भांडी हवेने काळवंडतात. हा मळ तेलाचा नसल्यामुळे त्यावर कितीही फेस केला तरी उपयोग नाही. त्याला आंबट हवे. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. या दोन्ही आम्लांना प्रथम वेगळे करणारा शास्त्रज्ञ एकच, स्वीडनचा कार्ल शेले. आम्लात तांब्यावरचा काळा थर विरघळतो आणि समईचा लखलखाट परत येतो. पितळी भांड्यात ठेवलेले ताक कळकते ते याच कारणाने. म्हणून तर पितळेला आतून कल्हई करीत. चिंचेने घासलेले भांडे लगेच धुऊन कोरडे करावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

तिसरा मळ जड पाण्याचा. नळाच्या तोटीवर, बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो तो चुन्याच्या क्षाराचा. तोही लिंबाच्या फोडीने निघतो. परंतु शहाबादी फरशीवर लिंबू चोळू नये. ती फरशीच मुळी चुनखडीच्या दगडाची. आम्लाने मळाबरोबर फरशीही झिजते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'नैसर्गिक ते चांगले आणि रासायनिक ते वाईट' असे आपण सहज बोलून जातो. परंतु राखेतला क्षारही रसायनच आणि चिंचेतले आम्लही रसायनच. राखेचे पाणी हातांना कोरडे करते. आईच्या चिरलेल्या बोटांना राखेने पावडरीइतकीच आग झाली. आजीची राख तव्याला लागू पडली, पण सुनेच्या हाताला नाही. राखेने जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याचेही नुकसान होते, आणि स्टीलच्या ताटांवर चरे पडतात.

शेणाने सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते आणि पायाला बरी वाटते. पण तिने रोगजंतू मरतात असे मानणे धोक्याचे आहे. जनावरांच्या शेणात धनुर्वाताचे बीज असू शकते; जखमेजवळ किंवा नवजात बाळाच्या नाळेजवळ शेण वा शेणाची राख कधीही लावू नये. शौचानंतर हात धुण्यास साबणच घ्यावा. काही जण लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र कालवून भांडी घासण्याचा सल्ला देतात. फेस खूप येतो. पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि हाती उरते ते बहुतांशी मिठाचे पाणी. वापरायचे तर वेगवेगळे वापरावे.

उलट, बाजारातील द्रव्यांत खरा धोका आहे तो मिसळण्याचा. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसांना अपाय करतो आणि बंद न्हाणीघरात प्राणावरही बेतू शकतो. एवढी एक ओळ वाचकांनी घरी जाऊन सांगितली तरी या लेखाचे सार्थक होईल.

फेस जातो कुठे?

आपल्या मोरीचे पाणी ओढ्याला जाते, ओढा घोड नदीला, आणि घोड भीमेला मिळते. पुढे ते उजनी धरणात साठते. पाश्चात्त्य देशांनी फेसाचा धडा आपल्या आधी गिरवला. तेथे १९५० नंतर नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले, कारण त्या काळच्या पावडरीतले द्रव्य जिवाणूंना खाता येत नव्हते. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये त्यावर कायदा केला आणि कारखानदारांना द्रव्य बदलावे लागले. आजची फेसद्रव्ये त्या मानाने लवकर कुजतात. पण ज्या पावडरीत फॉस्फेट असते ती पाण्यातल्या शेवाळाला खतासारखी पोसते. शेवाळ माजले आणि कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मासे मरतात. म्हणून गरजेपेक्षा जास्त टाकलेली प्रत्येक मूठ केवळ पैशाची नासाडी ठरत नाही. खालच्या गावाच्या पाण्यातही ती जाते.

राख कोणाच्या डोळ्यांतून येते?

आज राख मिळणेही सोपे राहिलेले नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि अनेक घरांत गॅसच्या शेगड्या आल्या. आमच्या पारगावात राख आता दिसते ती भीमाशंकर साखर कारखान्याच्या हंगामात, ऊसतोड कामगारांच्या कोपीपुढच्या चुलीत. ती राख फुकट, असे आजी म्हणते. पण चुलीच्या धुराने आजीचे डोळे पाणावत, तिला रात्रभर खोकला येई. ती किंमत कोणी मोजली नाही. तेव्हा राखेसाठी चूल परत आणा, असे मी म्हणणार नाही. घर स्वच्छ राखण्याचे श्रम एकाच व्यक्तीच्या वाट्याला येत असतील, तर ते पावडरीने होवोत की रिठ्याने, अन्याय तोच. संत गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्या हातात घेतला होता, तो घरातल्या बाईच्या हातात दिला नव्हता. हे आपल्या वर्गातील मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे.

आमच्या घरचे उत्तर

आईच्या प्रश्नाला अखेर जे उत्तर सापडले ते असे. तेलकट पातेले आधी पिठाच्या कोंड्याने कोरडेच पुसायचे. निम्म्याहून अधिक तेल कोंड्यातच जाते. मग कढत पाण्याची धार. पावडर मुठीने न घेता चमच्याने मोजून बादलीत विरघळवायची. घरी भांड्यांना रिठ्याचे पाणी आणि काथ्या, पितळेला चिंच, लोखंडी तव्याला चिमूटभर राख. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, पुसून, खोबरेल तेल. पावडर घरातून गेली नाही, पण पूर्वी जी पुडी आठवड्यात संपे ती आता तीन आठवडे पुरते. आईच्या भेगा भरत आल्या आहेत. आचाऱ्याकडच्या इतर बायकांनीही कोंडा वापरून पाहिला आणि त्या आता तो बरोबर नेतात.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावी भरते. त्या शिबिरात रिठ्याची चार रोपे लावावीत आणि कोणत्या मळाला काय लावावे याचा एक तक्ता गावाच्या चावडीवर टांगावा, अशी माझी नम्र सूचना आहे. रिठ्याला फळ धरायला बरीच वर्षे लागतात. तोवर तक्त्याचा तरी उपयोग होईल.