नेट एक, स्पीड दोन!

सुरुवातीलाच एक कबुली. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे मराठीत तांत्रिक लेख लिहायचा हा पहिलाच प्रयत्न. चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या दिवाळीत घरी, वसमतला गेलो होतो. धाकटी बहीण बारावीला आहे, नीटची तयारी करते. तिची लेक्चर्स घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतात, म्हणजे चालायला हवीत. प्रत्यक्षात दर पाच मिनिटांनी सर तोंड उघडं ठेवून गोठायचे. पप्पांचं म्हणणं, "ही लेक्चर सोडून दुसरंच काहीतरी डाउनलोड करत असणार." मी तर पडलो इंजिनिअर! निकालच दिला, "कॉम्प्युटर भंगार झालाय, फेकून द्या." बहीण रडवेली झाली. म्हणाली, "दादा, तुझ्या लॅपटॉपवर तर नेट पळतंय, मग माझ्याच नशिबी असं का?" आजीनेही विचारलं, "एकाच विहिरीचं पाणी, मग एका वाफ्यात लोट अन् दुसऱ्यात थेंब कसा रे?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मला उत्तर येत नव्हतं. म्हणून लॅबसारखा प्रयोग करायचं ठरवलं. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

प्रयोग आणि रीडिंग

आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. राउटर समोरच्या खोलीत, बहिणीचा कॉम्प्युटर माजघरात. मध्ये जुन्या बांधणीच्या दोन जाड भिंती.

१) आहे त्या स्थितीत : माझा लॅपटॉप (राउटरशेजारी) १८०, बहिणीचा कॉम्प्युटर ७.

२) मागे चालू असलेली सगळी कामं बंद केली. तेव्हा कळलं की माझाच लॅपटॉप गुपचूप फोटोंचा बॅकअप वर चढवत होता! तो थांबवल्यावर बहिणीकडे ९.

३) माझा लॅपटॉप तिच्या टेबलावर नेला : १४. म्हणजे माझा 'भारी' लॅपटॉपसुद्धा तिथे ढेपाळला.

४) तिचा कॉम्प्युटर उचलून राउटरजवळ आणला : ३८. म्हणजे जागा बदलल्यावर सुधारला, पण १८० काही गाठले नाहीत.

मग कारण काय?

कंपनी जो स्पीड देते तो राउटरपर्यंतचा. तिथून पुढची वाट प्रत्येक मशीनची वेगळी.

वाय-फाय मुख्यतः दोन बँडवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. पण तिथे गर्दी फार : एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच (१, ६ आणि ११), त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी आणि स्पीड जास्त, पण जाड भिंत आली की ती लवकर दमते. माझा लॅपटॉप राउटरशेजारी ५ वर होता, माजघरात गेल्यावर २.४ वर आला. बहिणीच्या कॉम्प्युटरला तर छोटा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर, फक्त २.४ वाला. तोही कॅबिनेटच्या मागे खोचलेला, आणि शेजारी लोखंडी कपाट. धातू लहरींना अडवतो. म्हणजे जागाही वाईट आणि अडॅप्टरही साधा, दोन्ही कारणं एकत्र!

आणखी एक गंमत. एकाच चॅनेलवरची मशीन्स आळीपाळीने बोलतात. कमकुवत सिग्नलवालं मशीन तेवढाच डेटा सावकाश पाठवतं, जास्त वेळ अडवतं, आणि बाकीचेही रखडतात.

उपाय

हे सगळं सांगितल्यावर पप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतः जाऊन २० मीटर लॅन केबल घेऊन आले. केबल लावली, स्पीड ९४. पुढे का जात नाही? कारण त्या जुन्या कॉम्प्युटरचं पोर्टच १०० एमबीपीएसचं आहे, आणि प्रत्येक पॅकेटवरच्या 'पत्त्यां'मध्ये त्यातला थोडा भाग जातो. पण लेक्चरला हे चिक्कार झालं. भंगार ठरलेला कॉम्प्युटर आजही चालू आहे.

(लक्षात ठेवा, ८ बिट म्हणजे १ बाइट. ९४ मेगाबिटवर डाउनलोड सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आतच दिसणार. तो बिघाड नव्हे.)

आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' प्रकल्प आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर सोडून गुरुत्वीय लहरी टिपायच्या. तिथली खरी परीक्षा एकच : सिग्नल कुठला आणि गोंगाट कुठला, हे वेगळं करणं. आमच्या माजघरातही तेच तर करायचं होतं. आम्ही मात्र मोजायच्या आधीच आरोपी ठरवून मोकळे झालो होतो.

तेव्हा होस्टेलकरांनो, कोपऱ्यातल्या खोलीत नेट रेंगाळलं की लगेच रूममेटवर किंवा वॉर्डन सरांवर घसरू नका. आधी मागची डाउनलोड्स बंद करा, जागा बदलून पाहा, मग मशीन बदलून पाहा, आणि शक्य असेल तिथे केबल लावा.

आणि घरी कुणाला विनाकारण बोलला असाल, तर सॉरी म्हणा. मी म्हटलं. बहिणीने माफही केलं, पण माझा लॅपटॉप दोन दिवस स्वतःकडे ठेवून!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स ॲण्ड टेलिकम्युनिकेशन