सावलीवरून पृथ्वीचा परिघ : मावळातील शाळांसाठी एक संयुक्त पाठ

पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे असे भूगोलाच्या तासाला आपण सांगतो, मुले ते पाठ करतात आणि विषय तेथेच संपतो. हे अंतर कोणी व कशाने मोजले असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर बहुतेक वर्गांत त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही. वास्तविक ही मोजणी सहावी-सातवीच्या मुलांना स्वतः करता येण्याजोगी आहे. मात्र कोणत्याही एका शाळेला ती एकटीने साधत नाही. तिला दूरच्या दुसऱ्या शाळेची सोबत लागते.

यातील तत्त्व जुने आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस या विद्वानाने इजिप्तमधील दोन नगरे घेतली. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही दक्षिणेकडील सायीन येथे (आजचे आस्वान) सूर्य डोक्यावर येई. त्याच वेळी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असे. सूर्य अतिदूर असल्यामुळे त्याचे किरण सर्वत्र समांतर येतात. तेव्हा हा फरक पृथ्वीच्या गोलाईचाच असला पाहिजे आणि दोन नगरांमधील अंतराची पन्नासपट म्हणजे परिघ. आपल्याकडे भास्कराचार्यांनीही ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या (इ. स. ११५०) गोलाध्यायात दक्षिणोत्तर असलेल्या दोन गावांमधील अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतील फरक यांवरून त्रैराशिकाने परिघ काढण्याची रीत दिली आहे. त्रैराशिक मुलांना येतेच. मोजमापे तेवढी हवीत.

येथे मावळची एक अडचण आहे. लोणावळा, कार्ले, कामशेत, वडगाव ही गावे लोहमार्गाच्या कडेने पूर्व-पश्चिम पसरलेली असून त्यांचा अक्षांश जवळजवळ एकच, १८.७५ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे मध्यान्हीची सावली सर्वत्र सारखीच पडते आणि त्यांच्यातील फरकावरून पृथ्वी मोजता येत नाही. पण हीच गोष्ट दुसऱ्या कामी येते. सावल्या सारख्या यावयास हव्या असताना कामशेतची व लोणावळ्याची सावली अर्ध्या सेंटीमीटरने वेगळी आली, तर ती चूक आपल्या मोजणीची आहे हे तत्काळ कळते. यासाठी तालुक्यातील चार-पाच शाळांनी प्रथम आपसांत मोजून पाहावे.

जोडीदार शाळा मालवण परिसरातील निवडावी. मालवण (अक्षांश सुमारे १६.०६) लोणावळ्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस आहे, त्यामुळे दोन्ही ठिकाणी मध्यान्ह एकाच वेळी होते. लोणावळा घाटमाथ्यावर आणि मालवण समुद्रकाठी, मग उंचीमुळे सावली बदलणार नाही काय, असे मुले विचारतील. त्यांना सांगावे की लोणावळ्याची उंची सहाशे मीटरांच्या थोडी वर आहे, पृथ्वीची त्रिज्या मात्र ६,३७१ किलोमीटर आहे.

आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी लोणावळ्यात सूर्यदर्शन दुर्लभ! म्हणून २२ डिसेंबरच्या आसपासचा दिवस घ्यावा. आकाश बहुधा निरभ्र असते, सावल्या लांब असल्याने त्यांतील फरकही मोठा दिसतो. शिवाय त्या सुमारास सूर्याची क्रांती फार सावकाश बदलत असल्याने दोन गावांच्या मोजणीत एखाद्या दिवसाचे अंतर पडले तरी बिघडत नाही.

घड्याळातील बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. लोणावळ्यास त्या दिवशी मध्यान्ह सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी होतो. सव्वाबारापासून एकला पाच कमी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मोजावे. सर्वांत आखूड लांबी ती मध्यान्हीची.

आता साहित्य. नुसती काठी रोवून मोजू नये, कारण सूर्यबिंबाला रुंदी असल्याने सावलीचे टोक दीड-दोन सेंटीमीटर पुसट असते. काठीच्या माथ्यावर जाड पुठ्ठा आडवा बसवून त्याला लहान गोल छिद्र पाडावे. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा लांबट ठिपका पडतो, त्याचा मध्य खडूने टिपावा. छिद्रातून ओळंबा सोडावा आणि तो जेथे टेकेल तेथून मोजावे. छिद्राची उंची बरोबर १०० सेंटीमीटर हवी.

सर्वांत अधिक जपावयाचे ते जमिनीच्या पातळीला. मावळातील शाळांची अंगणे पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतरती केलेली असतात. मीटरमागे एक सेंटीमीटर उतार उत्तरेकडे असला तरी सावली पाऊण सेंटीमीटरहून अधिक लांबते आणि उत्तरात साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरची चूक येते. म्हणून वर्गातील फळा उन्हात विटांवर आडवा ठेवावा, त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेले ताट ठेवून पातळी पाहावी आणि विटांखाली कागद सारून ती दुरुस्त करावी. लोहगड-विसापूरच्या पायथ्याच्या शाळांनीही डोंगर आड येईल अशी चिंता करू नये. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो.

कोनमापकाने एवढा लहान कोन नीट मोजता येणार नाही. त्यासाठी वर्गाच्या जमिनीवरच पूर्ण मापाची आकृती काढावी. १०० सेंटीमीटरची रेघ ही काठी. तिच्या पायथ्याशी काटकोनात दुसरी रेघ काढून तीवर दोन्ही गावांच्या सावल्या मांडाव्यात. गणिताने त्या लोणावळ्यास सुमारे ९०.६ व मालवणास ८२.४ सेंटीमीटर याव्यात. काठीच्या माथ्यापासून त्या दोन बिंदूंतून दोन दोरे ताणून तीन मीटरपर्यंत न्यावेत. त्यांच्या टोकांमधील अंतर सुमारे १४.१ सेंटीमीटर भरेल. तीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परिघ १,८८५ सेंटीमीटर, म्हणजे या अंतराच्या सुमारे १३३.७ पट. लोणावळा ते मालवण सरळ अंतर सुमारे ३०० किलोमीटर धरले, तर पृथ्वीचा परिघ ४०,१०० किलोमीटरच्या जवळपास येतो.

हे अंतर नकाशावर पट्टीने मोजावे. घाटांतून वळसे घेणाऱ्या रस्त्याचे किलोमीटर येथे चालत नाहीत. नकाशा तरी कोठून आला, हा प्रश्न योग्यच आहे. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत भारताचा मोठा दक्षिणोत्तर कंस मोजावयास घेतला. हे काम चालू असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे ते निवर्तले आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्यांचीही रीत मुळात हीच : जमिनीवरील अंतर आणि आकाशातील कोन.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पुस्तकातील उत्तर आधी ठाऊक असल्याने मोजमाप त्याकडे ओढण्याचा मोह मुलांना होतो आणि खरे म्हणजे आपल्यालाही होतो. सावली एका मिलिमीटरने चुकली तरी उत्तर साडेचारशे किलोमीटरांहून अधिक सरकते. तेव्हा ३७,००० किंवा ४३,००० येणे यात लाजिरवाणे काही नाही. वहीत खाडाखोड करून उतरविलेल्या ४०,००० पेक्षा प्रामाणिकपणे आलेले ३७,००० मला तपासणीच्या वेळी अधिक मोलाचे वाटते. म्हणून दोन्ही शाळांनी आपापली मोजमापे शाईने लिहून, मोजणाऱ्या मुलांच्या सह्या घेऊन, पाकिटात बंद करावीत आणि मगच एकमेकांस कळवावीत. दर पाच मिनिटांचे सर्व आकडे पाठवावेत, चुकीचे वाटलेलेही. आकाश अभ्राच्छादित राहिल्यास नाताळच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या निरभ्र दिवशी पुन्हा मोजावे. तेव्हा मात्र दोन्ही गावी तोच दिवस हवा.