दिघीत घर घेताना : हप्ता किती, आणि तो ठरवतं कोण?

भोसरी एमआयडीसी, आळंदी आणि विश्रांतवाडी यांच्या मधोमध असलेल्या दिघीत फ्लॅट बघायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो : हप्ता किती बसेल? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. या घराचा खर्च चार ठिकाणी ठरतो. व्याजाचा कल रिझर्व्ह बँकेत, जीएसटी दिल्लीत, मुद्रांक शुल्क मंत्रालयात आणि मालमत्ता कर व पाणी पिंपरीतल्या महापालिका भवनात. कोणता पैसा कुठे ठरतो हे कळलं, तर कुठे घासाघीस करायची, कुठे अर्ज करायचा आणि कुठे मत मागायला आलेल्या माणसाला अडवून विचारायचं हेही कळतं.

हिशोबासाठी ६० लाखांचा टू बीएचके धरू.

बँक देत नाही तो पैसा

३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देता येते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे ६० लाखांच्या घराला ४८ लाख कर्ज आणि १२ लाख खिशातून. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही, तेही खिशातूनच. आपल्या पिंपरी-चिंचवड शहरात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का अधिभार, असे एकूण ७ टक्के. ६० लाखांवर ४ लाख २० हजार झाले. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. घर बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३ लाख. बेरीज साडेएकोणीस लाखांवर जाते आणि त्यात अजून वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाच्या नोंदीचं शुल्क, सोसायटीची आगाऊ देखभाल आणि फर्निचर आलेलं नाही. जाहिरातीतलं ‘फक्त १० टक्के भरा’ वाचून बुकिंग करणारे इथेच अडकतात आणि मग वैयक्तिक कर्ज काढतात. ते कर्ज गृहकर्जापेक्षा कितीतरी महाग असतं.

यातले दोन आकडे कायदेशीर मार्गाने कमी करता येतात.

पहिला जीएसटीचा. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर बांधकामाधीन घरावर ५ ऐवजी १ टक्काच कर लागतो. मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांना ही मर्यादा ६० चौरस मीटर आहे, पण या नियमासाठी पुणे परिसर त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला मोठी मर्यादा मिळते. ४५ लाखांच्या घरावर कर ४५ हजार, आणि ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. पार्किंग, विकास शुल्क वगैरे बिल्डर जे जे घेतो ते ४५ लाखांत धरलं जातं, म्हणून भाव ठरवताना सगळा आकडा एकत्र मागा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतल्या घरावर जीएसटी नाहीच.

दुसरा मुद्रांक शुल्काचा. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर राज्य सरकार १ टक्का सवलत देतं, आपल्या उदाहरणात ६० हजार. पती-पत्नी दोघांची नावं घातली तर सवलत जाते. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३मध्ये उठली. पती मालक नसेल तर त्याला व्याजावरची प्राप्तिकर सूट मिळणार नाही, असं एजंट सांगतात. जुन्या करप्रणालीत ते खरं आहे. पण नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला सूट मुळातच नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर घर बायकोच्या नावावर घ्यायला कराचं कारण आड येत नाही. पती सहकर्जदार राहू शकतो.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारने ठरवलेला रेडी रेकनरचा दर यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. दोन वर्षं थांबलेले हे दर १ एप्रिल २०२५ला वाढले तेव्हा पिंपरी-चिंचवडची वाढ ६.६९ टक्के होती. मार्चअखेर व्यवहार उरकण्याची घाई होते ती यामुळेच. घर ५० लाख किंवा त्याहून महाग असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून त्याच्या नावे भरायचा असतो. हा जादा खर्च नाही, पण विसरलात तर दंड तुम्हाला.

रेड झोनचा नकाशा आधी, सॅम्पल फ्लॅट नंतर

दिघीत संरक्षण खात्याचा मॅगझीन डेपो आहे. त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात १९०३च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली बांधकामावर निर्बंध आहेत, तोच आपला रेड झोन. तिथे महापालिकेची परवानगी मिळत नाही, त्यामुळे सरळ बँक कर्ज मिळत नाही, आणि म्हणूनच गुंठा-अर्धा गुंठा स्वस्तात विकला जातो. व्यवहार नोटरी करारनामा आणि कुलमुखत्यारपत्रावर होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच सुराज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. कंपनीत वीस वर्षं घासून साठवलेला पैसा अशा कागदावर देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

टोकन देण्याआधी सर्व्हे नंबर घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या नंबरचा झोन दाखला काढा. सातबारा, बांधकाम परवानगी, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि तयार इमारत असेल तर भोगवटा पत्र, हे सगळं बघा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हा रेराचा नियम तोंडपाठ असू द्या. ‘शास्तीकर माफ झालाय, आता काही अडचण नाही’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर मार्च २०२३मध्ये राज्य सरकारने माफ केला हे खरं, पण कर माफ झाल्याने बांधकाम नियमित झालं नाही.

हप्त्याचं गणित

४८ लाख, २० वर्षं, ८ टक्के : हप्ता साधारण ४०,१५०. एकूण व्याज ४८ लाखांच्या वर, म्हणजे मुद्दलाइतकंच. तेच कर्ज १५ वर्षांत फेडलं तर हप्ता ४५,८७० आणि व्याज साडेचौतीस लाख. महिन्याला पावणेसहा हजार जास्त भरून जवळपास चौदा लाख वाचतात. ३० वर्षं घेतली तर हप्ता ३५,२२० वर येतो, पण व्याज ७८ लाखांच्या पुढे जातं. दर एक टक्क्याने वाढून ९ झाला तर २० वर्षांचा हप्ता ४३,१९० होतो.

हा दर कसा हलतो? ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या रेपो दराला, जोडलेली आहेत. रेपो मे २०२०मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहा झाला आणि २०२५मध्ये चार वेळा उतरून डिसेंबरात सव्वापाच झाला. कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरावाच लागतो.

दर चढताना काय झालं ते समजून घ्या. २०२१मध्ये पावणेसात टक्क्यांनी ४८ लाख घेतलेल्याचा हप्ता साधारण ३६,५०० होता. अडीच टक्के वाढ झाल्यावर त्याच मुद्दलावर महिन्याचं नुसतं व्याज ३७ हजार होतं. म्हणजे थोडं मुद्दल फिटलेलं धरलं तरी जुना हप्ता जवळपास सगळा व्याजातच जात होता. तरी कित्येकांना पत्ता लागला नाही, कारण बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली होती आणि आकडा अंगावर आला तेव्हा निवृत्तीच्या पुढे हप्ते गेले होते. १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे बदललं : हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याची निवड कर्जदाराला द्यायची आणि दर तिमाहीला किती मुद्दल गेलं, किती हप्ते उरले याचं विवरण द्यायचं. ते मागून घ्या आणि वाचा.

दर उतरतानाही जागे राहा. बँकेने तुमचा हप्ता कमी केला तर शक्य असल्यास जुनाच हप्ता चालू ठेवायला सांगा, मुदत झपाट्याने कमी होते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर आगाऊ परतफेडीचा दंड लावता येत नाही. दिवाळीच्या बोनसमधून दरवर्षी एकच जादा हप्ता भरलात तर २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं.

रेपोला जोडण्याचा नियम बँकांना आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. पगारपत्रक नसलेला टेम्पोवाला किंवा छोटा वर्कशॉपवाला अशा कंपनीकडे जातो आणि महाग दर घेतो. त्याने दोन-तीन वर्षं नियमित हप्ते आणि प्राप्तिकर विवरणपत्रं भरून कर्ज बँकेत हलवावं. कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा एकरकमी विमा सक्तीचा नाही. विमा जरूर घ्या, पण साधा मुदत विमा, आपल्या पसंतीच्या कंपनीचा.

दिघीतल्या दोन प्रकारच्या कुटुंबांसाठी खास सांगायला हवं. संरक्षण संशोधन किंवा लष्करी आस्थापनांत केंद्राच्या नोकरीत असलेल्यांना घरबांधणी अग्रिम मिळतो, कमाल २५ लाख आणि तोही सरळव्याजाने. बँकेत जाण्याआधी कार्यालयात चौकशी करा. आणि ज्यांचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आहे, देशात कुठेही पक्कं घर नाही, घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं आहे, त्यांना शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान आहे.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा नियम आहे. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

मताचा हप्त्याशी संबंध

ब्रिटनमध्ये हा संबंध थेट दिसला. २३ सप्टेंबर २०२२ला लिझ ट्रस सरकारने उसनवारीवर करकपात जाहीर केली, बाजाराचा विश्वास उडाला आणि काही आठवड्यांत दोन वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर ६ टक्क्यांच्या वर गेला. तिथले बहुतेक कर्जदार दोन किंवा पाच वर्षांसाठी दर बांधून घेतात. ती मुदत ज्यांची तेव्हा संपली, त्यांचा हप्ता एकदम वाढला.

आपल्याकडे रेपो दर सहा जणांची समिती ठरवते, त्यातले तिघे केंद्र सरकारने नेमलेले असतात. तिच्यासमोर महागाई ४ टक्क्यांवर ठेवण्याचं उद्दिष्ट असतं. मतदाराचा हात तिथे फार दुरून पोचतो. महापालिकेत मात्र तो सरळ पोचायला हवा.

घराचा मालमत्ता कर, महिलांच्या नावावरच्या घराला आणि माजी सैनिकांना मिळणारी सवलत, रस्ता, कचरा आणि पाणी हे सगळं तिथेच. नोव्हेंबर २०१९पासून शहराला एक दिवसाआड पाणी मिळतं. उरलेली गरज टँकर भागवतो आणि त्याचं बिल सोसायटीच्या देखभाल शुल्कात येतं. फ्लॅट बघायला जाल तेव्हा सचिवांकडे मागच्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं मागा. तो हप्ता कर्ज फिटल्यावरही संपत नाही.

आणि हे निर्णय घेणारं लोकनियुक्त सभागृहच इथे मार्च २०२२पासून नव्हतं. प्रशासकाने जवळपास चार वर्षं कारभार पाहिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५च्या आदेशानंतर १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं. पद्धतही सरकारागणिक बदलत राहिली. २०१२ला एका प्रभागात दोन नगरसेवक, २०१७ला चार, मग तीनचा घाट, आणि पुन्हा चार. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच. चार माणसं जबाबदार असली की पाण्याच्या तक्रारीवर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पिंपरी-चिंचवडलाही एक प्रभाग, एक नगरसेवक हीच पद्धत हवी, असं माझं ठाम मत आहे.

ती येईल तेव्हा येवो. तोवर दिघी-बोपखेलच्या चारही नगरसेवकांना सोसायटीच्या सभेला एकाच दिवशी बोलवा, टँकरची बिलं समोर ठेवा आणि पाण्यासाठी कोण काय करणार हे इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.